गुरुदासाच्या भाजीचं मीठ

९ फेब्रुवारी २००४, सोमवार

ताप गेला एकदाचा. अंगात अजून जोर नाही, पण सुविधाच्या हातची पेज आणखी एक दिवस खाल्ली असती तर तापानं नाही, कंटाळ्यानं मेले असते. सकाळी लुगडं बदललं आणि सरळ बाजारात गुरुदासाच्या हॉटेलात. सुविधा दारात उभी राहून "आई, अजून थोडे दिवस थांबा हो" म्हणत होती. सून गुणी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हल्ली तिच्या जेवणात काही दम उरलेला नाही.

मला बघून गुरुदासानं गल्ल्यावरून हात जोडले. "ताराबाय! तुमी नासताना हांव आंधळो जाल्लों!" खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. या पेडण्यात आता माझी वाट बघणारा तेवढाच एक राहिला आहे.

त्याच्याकडची पद्धत त्याच्या बापापासूनची. पातळ भाजी उतरली की पहिलं पान परसातल्या राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला. त्याच्याआधी टोपाला कोणाची जीभ लागायची नाही, म्हणजे रांधताना चाखणं नाहीच. मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजानं. राखणदाराचं झालं की दुसरी ताटली माझी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा रात्रपाळी संपवून उजाडता उजाडता इथंच यायचे, मीच पहिलं गिऱ्हाईक, तेव्हापासूनची ही रीत. मी "जमलं" म्हटलं की मगच बाकीच्यांना वाढतात. गुरुदास स्वतः चाखून करणार काय? तंबाखूनं त्याची जीभ कधीच मेली.

मी आजारी असताना कमलाक्षी चाखत होती म्हणे. ती गुरुदासाची बायको, भाजीचं खोबऱ्याचं वाटप तिचं असतं. वाटप चांगलं करते, पण वाटणं वेगळं नि चाखणं वेगळं.

आज भाजी साफ अळणी होती. तसं सांगितलं. गुरुदास चपापला, म्हणाला, "हात चुकलो दिसता." मूठभर मीठ घालून परत उकळी आणली. मग बरी झाली. खूप बरी नाही, पण चालेल अशी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही अळणी. मी मोठ्यानं विचारलं, "गुरुदास, मिठागरवाले संपावर गेले की काय रे?" सगळं हॉटेल हसलं. गुरुदासही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. कमलाक्षी आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, परत आत गेली.

घरी दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले होते. सुविधा विहिरीवरून धावत आली. "आई, वास नाही आला तुम्हाला?" म्हटलं, वाचताना माणसाचं लक्ष नसतं. भांडंभर दुधासाठी एवढा गहजब? संध्याकाळी तिनंच केसांत माळायला सुरंगीचा वळेसर आणला, बहुधा पटवून घ्यायला. मी म्हटलं, यंदा सुरंगीला वास म्हणून नाही, झाडांनाही खतं घालायला लागले वाटतं. तिनं वळेसर नाकाशी नेला, माझ्याकडे नुसती बघत राहिली. बोलायचं असेल तर बोलावं माणसानं. हे बघत राहणं मला आवडत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सगुण पायलटनं आज अर्धी ताटली तशीच ठेवली. चौकात मोटरसायकल लावून भाडं मारतो तो. हात धुता धुता म्हणाला, "मीठ चडलां रे गुरुदास." माझं डोकंच फिरलं. मी जागेवरूनच त्याला ऐकवलं, "रोज रात्री त्या चायनीजच्या गाड्यावर उभा राहून लाल सॉस चाटतोस, तुला रे मिठाचं काय कळणार?" दोनचार जण खिदळले. सगुण चाळिशीचा बाप्या, पण खाली मान घालून निघून गेला. चांगलं झालं. गुरुदासाला कोणी उगाच काही बोललेलं मी खपवून घेणार नाही.

गुरुदास मात्र हसला नाही. पाव कापायची सुरी हातात धरून बराच वेळ उभा होता.

२ मार्च, मंगळवार

आत नवराबायकोचं जुंपलं होतं. लाकडी फळीपलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि माझे कान एक्स्चेंजचे.

कमलाक्षी म्हणत होती, "हांव सांगतां न्हय, मीठ बरां आसा! आनी घालूं नाका!"

"ताराबायन उणां म्हूण सांगलां."

"ताराबाय, ताराबाय! चाल्लेलीं गिरायकां दिसनांत तुका?"

"तिची जीब कधीं चुकली नाय, कमळे. चुकता तो म्हजो हात."

मग टोपात मीठ पडल्याचा आवाज.

हे लिहायला बरं दिसत नाही, पण ऐकून माझी छाती भरून आली. घरात माझ्या शब्दाला काय किंमत आहे ते मला माहीत आहे. प्रज्योत तुयेच्या फॅक्टरीतून येतो तो टीव्हीसमोर बसतो. मी काही बोलले की "हो आई" म्हणून आवाज वाढवतो, टीव्हीचा. आणि इथं एक माणूस बायकोचं न ऐकता माझं ऐकतो.

कमलाक्षीनं माझा चहा टेबलावर आपटला. थोडा बशीत सांडला. तिचं दुखणं मला कळतं. मी आजारी होते तेव्हा पहिली ताटली तिच्याकडे गेली होती, आता परत माझ्याकडे आली. बायकांचं असं असतंच. मी मनावर घेत नाही.

११ मार्च, गुरुवार

आज हॉटेलात मी धरून तिघंच. संगमरवरी टेबलं कोरडी. शिगमो संपला, लोक दमले असतील, असं मी म्हटलं.  पाववाल्या पोदेराला गुरुदासानं उद्यापासून अर्धेच पाव टाकायला सांगितलेत. पोदेर टोपली उचलता उचलता म्हणाला, "पात्रांव, सांबाळ." जपून राहा मालक, असं तो कधी बोलत नाही.

मग गुरुदास माझ्यासमोर येऊन बसला. हा माणूस गिऱ्हाइकासमोर खुर्चीत बसलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "ताराबाय, म्हाका एक कळलां. तुमी उणां म्हणतात, हेर लोक चड म्हणतात. दोगांय खरीं. टोपाच्या एका वाटेन अळणी, दुसऱ्या वाटेन खारट. म्हजो हात आतां ढवळीना." आणि उजवा हात टेबलावर ठेवून दाखवला.  "बापायचो हात मरसर बरो आसलो. म्हजो साठ भरूंक नाय तितल्यांत गेलो."

 मी म्हटलं, "अरे, जरा जास्त वेळ ढवळ, होईल सगळं ठीक." तो उठला, आत जाऊन ढवळत बसला. ढवळायचा दवला टोपावर घासल्याचा आवाज मी निघेपर्यंत येत होता.

तरी भाजी अळणीच होती. खरं ते सांगावंच लागतं. खोटं सांगितलं तर मी कसली जाणकार?

१७ मार्च, बुधवार

प्रज्योत आज टीव्ही बंद करून बोलला, तेव्हाच कळलं की सुविधानं पढवलंय. "आई, म्हापशाला एक कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. एकदा दाखवून येऊ." का म्हणून? म्हणे, स्वतःची आमटी ते दोघं आधीच वेगळी काढून घेतात, मी वरून मीठ घालते ते त्यांना चालत नाही. म्हणजे माझ्या पाठीमागं माझ्याच घरात टोप वेगळे! मी ताटावरून उठले. नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखणारी बाई मी, हरमलच्या गोऱ्यांचे परदेशातले फोन जोडून दिलेत मी, आणि ह्यांना वाटतं माझ्या नाकाकानात बिघाड झालाय.

सुविधा रडली. मी समजूत घातली नाही. घालायला हवी होती का? असो.

२२ मार्च, सोमवार

पाडव्याला कोरगावला भावाकडे गेले होते. काजूच्या भट्ट्या लागल्यात. बसमध्ये एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "कसलो घमघमाट हो!" यंदा तसा काही नव्हता. भावाला विचारलं, यंदा पीक कमी का रे? तो म्हणाला, उलट जास्त आहे. त्याच्याकडचं जेवणही बेचव. वहिनीला बोलले नाही, सणाचा दिवस.

परत आल्यावर उगाच उदास वाटतंय. जिथं जावं तिथं जेवण बिघडलेलं. सगळ्यांच्याच हातची चव एकदम गेली का?

२४ मार्च, बुधवार

लिहवत नाही, पण लिहिते.

गुरुदास येत्या सोमवारी देवाला प्रसाद लावणार. देवाच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. काय विचारणार, असं विचारलं तर म्हणाला, "उजवो दिलो जाल्यार हात चलता तितले दीस रांदतां. दावो दिलो जाल्यार दवलो खाली दवरतां. लोकांक खारट घालून बापायचां नांव बुडोवपाचां नाय."

कमलाक्षी दारात उभी होती. डोळे सुजलेले. मी तिला म्हटलं, "समजाव ना गो त्याला." ती म्हणाली, "म्हजां तो आयकता?" आणि आत गेली.

गुरुदासाचं हॉटेल बंद! मग मी सकाळी उठून कुठं जाऊ? मला भीती वाटली, अगदी खरी भीती. त्याच्या रोजीरोटीचं वाटायच्या आधी मला माझ्या खुर्चीचं वाटलं. आहे हे असं आहे.

२७ मार्च, शनिवार

सुविधा आणि प्रज्योत तिच्या माहेरी गेलेत. दुपारी एकटीच होते, पेज उकडली. तोंडी लावायला फडताळातली बरणी काढली. गेल्या चैत्रात मीच घातलेली खारातली तोरं. जाड मिठाच्या पाण्यात वर्षभर मुरलेल्या कैऱ्या. एक तोर घेऊन चावलं.

अळणी.

आधी वाटलं बरणी बदलली. दुसरं घेतलं. तेही तसंच, कच्चा बटाटा खाल्ल्यासारखं. मग बरणीतलं पाणीच ओंजळीत घेऊन प्यायले. पाणी. नुसतं पाणी. मिठाचा डबा काढला, चिमूट जिभेवर ठेवली. रेती. आणखी ठेवली. रेती. साखर ठेवली, तीही रेती. हिंगाची डबी नाकाशी धरली, काहीच नाही. चूल पुसायच्या रॉकेलच्या फडक्यात तोंड खुपसलं. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला.

पाटावर बसून राहिले. त्या तापानं नेली. तेव्हापासून गेलीय, आणि मी रोज सकाळी त्या टोपासमोर बसून न्याय करत होते.

दूध. सुरंगी. सगुण. सुविधाचं ते नुसतं बघत राहणं. बिचारी.

आणि गुरुदासाचा हात. टेबलावर ठेवून दाखवलेला. देवा रे.

उद्या सकाळी जाऊन सांगायचं. सांगायचंच.

२८ मार्च, रविवार

गेले. गुरुदासानं मला बघून चहा पाठवला. हॉटेलात आज माणसं होती. बातमी फिरली आहे, शेवटचं म्हणून जुनी गिऱ्हाइकं आली होती. सगुणही होता. गुरुदास सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ही ताराबाय नासती जाल्यार हांवें अदींच लोकांक वीख घाल्लां आसतां. तिची जीब म्हणजे सोनाराचो काटो." सगुण माझ्याकडे बघून मान हलवून म्हणाला, "खरां आसा. चूक म्हजी, ताराबाय."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. "नाही रे, मला चवच नाही" एवढंच. तोंड उघडलंसुद्धा. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी चहाचा घोट घेतला. तोही नुसता गरम.

गुरुदासानं ताटली आणली. मी खाल्ली. काहीच न सांगता मान डोलावली. त्यानं मीठ घातलं नाही. लोकांनी खाल्लं आणि कोणी काही बोललं नाही. दोघांनी तर रस परत मागून घेतला. गुरुदासाच्या हे लक्षात आलं नाही, तो उद्याच्या पूजेचं नारळ-केळ्यांचं बोलत होता. कमलाक्षीच्या आलं. ती फळीला टेकून माझ्याकडे बघत होती.

घरी येऊन मनाशी ठरवलं, की बरंच झालं बोलले नाही ते. देवाला काय ठाऊक नाही? हात गुरुदासाचा चांगला आहे, चूक माझ्या जिभेची आहे, हे तो जाणतोच. म्हणजे प्रसाद उजवाच पडणार. पडला की हॉटेल चालू राहील, मी हळूच पहिली ताटली कमलाक्षीकडे देऊन टाकीन, वय झालं म्हणेन. कोणाचंच काही बिघडणार नाही. देवच निस्तरील.

हे वाचून बघितलं तर बरोबर वाटतं. झोप मात्र येत नाही.

२९ मार्च, सोमवार

देवळात आम्ही मोजकीच माणसं. गुरवानं कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या खांद्यांना लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घातलं. गुरुदास उघड्या अंगानं हात जोडून उभा. मी डोळे मिटून म्हणत होते, देवा, चूक माझी आहे, उजवी दे. चूक माझी आहे, उजवी दे.

मग कमलाक्षीचा श्वास ऐकला आणि डोळे उघडले. डावी पडली होती. उजवी कळी जिथल्या तिथं, ओली, चकचकीत.

गुरुदासानं दंडवत घातला. उठला तेव्हा चेहरा शांत होता. आणि माझं तोंड आता उघडलं, कळी पडल्यावर. बाहेर पायऱ्यांपाशी त्याचा दंड धरून मी सगळं सांगून टाकलं. तापापासून जीभ गेली. भाजी कधीच अळणी नव्हती. तू घालायचास ते पहिलंच मीठ बरोबर असायचं. खारट मी केली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे. "म्हणजे मीठ बरां आसतालां? म्हज्या हाताचां?"

"हो रे. रोज."

मला वाटलं आता शिव्या घालील. तयारीत होते मी. तर तो हसायला लागला. रडत हसत होता. मागं वळून ओरडला, "कमळे! हात बरो आसा गो! म्हजो हात गेल्लोच नाय!" आणि तोच हात तिच्या तोंडापुढं नेऊन उलटा-सुलटा करून दाखवायला लागला.

मी म्हटलं, "मग उद्या चूल पेटव. गुरवाला सांगू या, प्रश्नच चुकीचा होता म्हणून."

हसणं थांबलं नाही त्याचं, पण मान हलली. "ना ताराबाय. ताका विचारलां, ताणें दिलां. आतां परत विचारचां म्हणजे ताका खोटो म्हणचां. तें म्हाका जमूंचां नाय." आणि मग अगदी समजावणीच्या सुरात, जणू माझंच काही गेलं होतं, "दवलो दवरतां हांव. पूण हात बरो आसा. तेंच म्हाका जाय आसलां." नारळाची पिशवी उचलून तो पुढं चालायला लागला. मध्येच थांबून हात बघत होता.

कमलाक्षी माझ्याजवळ राहिली.  मग विचारलं, "तुमकां केन्नां कळ्ळां, मावशे?"

खोटं बोलता आलं असतं. "शनिवारी," मी म्हटलं.

"शेनवारा." ती म्हणाली. "काल तुमी हॉटेलांत आयल्लीं. चा पियेलीं."

  पायऱ्यांवर समईचं तेल सांडलेलं होतं. तिनं पदर खोचला, माझं कोपर धरलं आणि एकेक पायरी मला खाली उतरवलं.